इतिवृत्तात नसलेलं

टेबल लांब, त्याला दोनच बाजू.
तिसरी बाजू व्हिक्टोरियात आहे,
सरकारी मंडळाच्या चौथ्या मजल्यावर,
इथून हजार किलोमीटर.
ती बोलत नाही. तिचा आकडा येतो फक्त,
बंद पाकिटात.

मी टोकाला बसते, दाराजवळ, वारा लागतो तिथं.
काम माझं इतिवृत्ताचं:
कोण काय म्हणालं, किती वाजता, अनुमोदन कुणाचं.

डोरीन वासिलिव वेल्डिंग शिकवते.
मनगटांवर ठिणग्यांनी गोंदलेले बारके पांढरे ठिपके.
ती विचारते, सप्टेंबरात मला वर्ग आहे की नाही
हे ऑगस्टच्या शेवटच्या शुक्रवारी का कळावं?
अकरा वर्षं झाली, अकरा ऑगस्ट.
मी लिहिते: नेमणुकीच्या मुदतीवर चर्चा झाली.

समोर हेडली प्राउस, नियामक मंडळाचा अध्यक्ष,
मंत्र्यांच्या सहीनं नेमलेला, गावात हार्डवेअरचं दुकान.
डोरीनला इलेक्ट्रोड उधारीवर देतो.
आज तिच्याकडे बघत नाही,
खिडकीतून पार्किंगमधला बर्फ मोजत बसलाय.

आणि मंडळाचा माणूस, कॉलिन ॲस्पिनॉल,
डब्यातलं सँडविच अर्धं खाऊन झाकून ठेवतो.
दर प्रश्नाला उठतो, कॉरिडॉरमध्ये फोन लावतो,
परत येऊन म्हणतो,
"तेवढा अधिकार मला नाही."
पहिल्या दिवशी हे मी शब्दशः लिहिलं.
नंतर नुसती बरोबरची खूण.

रात्री पावणेदोनला
कॉफीच्या मशीनपाशी तो मला म्हणाला,
"माझंही कंत्राटच आहे. मार्चपर्यंत."
कप भरेपर्यंत आम्ही दोघं गप्प.
हे कुठल्या कलमाखाली घालू?

मग डोरीननं चष्मा काढला.
"आकडा राहू द्या तुमचा," ती म्हणाली,
"कलम चौदा, ओळ तिसरी:
'कॉलेज एक जूनपूर्वी कळवू शकेल.'
तिथं 'कळवील' करा."

कॉलिन पुन्हा कॉरिडॉरमध्ये गेला.
आकड्याला हात लावायची बंदी होती,
क्रियापदाबद्दल
पाकिटात काहीच नव्हतं.

वीस मिनिटं. हीटर खडखडत होता.
प्राउसनं पहिल्यांदा मान वळवली,
"एवढ्याशा अक्षरांसाठी?"
"अकरा ऑगस्ट, हेडली," ती म्हणाली.
तो काही बोलला नाही. त्याच्या दुकानात
मुलं सुट्टीत कामाला असतात, त्यांना तो
मे महिन्यातच सांगतो. गावाला माहीत आहे.

कॉलिन आला. "चालेल म्हणाले.
पण 'कळवील'च्या आधी 'शक्यतो' हवं."

कुणीतरी हसलं. मीच असेन.
डोरीन हसली नाही. पेन उलटं धरून
त्या शब्दावर टकटक करत राहिली,
धातू पोकळ आहे का बघावं तशी.

चार वाजता बैठक तहकूब.
पुढची तारीख: मंडळ कळवील.
मी हे लिहिलं, आणि थांबले,
आणि 'शक्यतो' घातलं नाही.