परिशिष्ट चार

गंगापूर रोडचं कॉलेज, तिसरा मजला, खोली बत्तीस.
चार पोरं, एक पांढरा फळा,
आणि मी, हातात स्टॉपवॉच घेऊन.

सात मिनिटं. आठव्या मिनिटाला परीक्षक तुमचे नसतात,
चहाचे असतात.
हे मी दरवर्षी सांगतो, दरवर्षी कुणीतरी हसतं.

हर्षल आकडे म्हणतो स्तोत्रासारखे.
रुबीना ‘अं’ म्हणाली की दहा रुपये डब्यात.
डबा जानेवारीतच भरला,
त्याची मिसळ खाऊन झाली, जास्तीच्या तर्रीसकट,
‘अं’ काही गेला नाही.

आडगावला स्पर्धा. केस अशी:
पंपाचे सुटे भाग बनवणारा कारखाना,
तीन वर्षं तोटा, रात्रपाळी निम्मी रिकामी.
उत्तर सरळ होतं.
नवव्या स्लाइडवर रात्रपाळी बंद झाली
आणि हिरवा बाण वर गेला.
सहा मिनिटं अठ्ठावन्न सेकंद.
मागच्या रांगेत मी स्वतःलाच टाळी दिली.

मग परीक्षक बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.
‘तुम्ही काय सोडलंत?’

हा प्रश्न आम्ही घेतलाच नव्हता.
हर्षल माझ्याकडे बघतो, मी छताकडे.

तेजल कासार म्हणाली,
‘कॅन्टीनवाला, मॅडम.
परिशिष्ट चार, खालून दुसरी ओळ.
त्याचा पाऊण धंदा रात्रपाळीवर आहे.’
थांबली.
‘आमची टपरी आहे अंबडला, गेटसमोर.
म्हणून दिसलं.’

गुणपत्रिकेत त्याला रकाना नव्हता.
आम्ही दुसरे आलो.
द्वारकेच्या कोंडीत अर्धा तास कुणी बोललं नाही.
रुबीना एकदा ‘अं’ म्हणाली,
कुणी दहा रुपये मागितले नाहीत.

सोमवारी फळ्यावर मी ठळक लिहिलं:
परिशिष्टं आधी वाचा.

यंदाची पोरं हुशार आहेत.
बरोब्बर सहा मिनिटं वीस सेकंदांनी
कॅन्टीनवाल्याचा विषय काढतात,
आवाज थोडा खाली आणून,
मी शिकवला तसा.
परीक्षक मान डोलावतात. रकाना आता आहे.
कपाटात दोन ढाली आल्या.

तेजल सातपूरला एका कंपनीत असते.
परवा फोनवर म्हणाली,
‘सर, रात्रपाळी बंद केली. सही माझीच.’

‘आणि तो?’

‘नोटीस लागायच्या आधी सांगून आले.
त्यानं ऐकून घेतलं, चहा दिला.
पैसे घेईना.’