दोन डबे पाला

आमच्याकडे सप्टेंबरात थुआ नदी म्हणजे नुसती वाळू.
हातभर खणलं की ओल,
अजून हातभर खणलं की पाणी,
तेही आधी गाढवाच्या पाठीवर, मग माणसाच्या ओठाला.
गवताचं नाव काढू नका.
पण मुकाऊला नेमकी तेव्हाच पालवी फुटते.
कुणाला विचारून फुटते, ठाऊक नाही.

आई झाडावर चढते, साठी उलटली तरी.
चपला बुंध्याशी, कोयता कमरेला.
(दातांत धरायची म्हणे, मुलगी होती तेव्हा.)
डहाळ्या पडत राहतात, मी गोळा करते.
शेंड्याची एक फांदी ती दर वेळी सोडते.
"झाडालाही संध्याकाळचं काही लागतं," म्हणते.

पाला सावलीत वाळवायचा.
उन्हात रंग उडतो, आणि रंगाबरोबर आणखी जे जातं
त्याला आमच्यात नाव नाही; शेळीला कळतं.
माप म्हणजे वनस्पती तुपाचा पोचे आलेला डबा.
बोकड दाखवण्याआधी तीन आठवडे
रोज तिन्हीसांजेला दोन डबे,
वर मूठभर शेंगा, कुटून.

काळ्या कानाची गेल्या साली माजावरच आली नाही.
फासळ्या अशा, की मुसेंबीनं त्यांवर बोटं फिरवून
गिटार वाजवल्याचं सोंग केलं.
कुणी हसलं नाही.
माझा भाऊ तो. म्हणाला, हिला खाटकाला देऊ
आणि झाड लाकूडवाल्याला;
किबवेझीचा माणूस बुंध्याला मिठी मारून
घेर मोजून गेलाय.
आईनं आकडा ऐकला. पुन्हा एकदा सांगायला लावला.
मग विचारलं, "पुढच्या सप्टेंबरात
त्या नोटांवर चढू का मी?"

बोकड किमांझीकडून उसना आणला, तीन दिवसांच्या बोलीवर.
पाच दिवस राहिला. दोन दिवसांचं भाडं
अजून द्यायचंय.

फेब्रुवारीत, मध्यरात्री, काळ्या कानाची व्याली.
एक करडू. मी कंदील उचलला.
"थांब," आई म्हणाली, "कूस अजून रिकामी नाही."
दुसरं पायाळू आलं, निळसर, गप्प.
आईनं त्याच्या नाकातला चिकटा तोंडानं ओढला, थुंकली,
मागचे पाय धरून हवेत झटकलं,
ओलं फडकं झटकावं तसं.
शिंकलं.

चीक सगळा करडांचा.
दूध घरात आलं ते पंधरा दिवसांनी, अर्धा पेला.
आईनं न सांगता मुसेंबीच्या चहात ओतलं.
तो कपात बघत राहिला;
इतका फिका चहा
मागच्या पावसापासून पाहिला नव्हता त्यानं.

दुपारी कोयत्याला धार लावत बसलेला दिसला.
कशासाठी, ते मी विचारलं नाही.
आईनं जाता जाता
शेंड्याकडे बोट केलं फक्त:
"ती सोडायची."