चिमटे

भटू बिरारीचा पहिला फोटो मी काढला.
पारोळ्यात, बाजारपेठेतल्या माडीवर, सत्त्याण्णव साली.
मागे पडदा: संगमरवरी जिना, दोन हंस,
तिसरा अर्धाच, पेंटरचे पैसे राहिले म्हणून.
स्टुडिओचा कोट एकच. तालुक्यातले सगळे नवरदेव
त्यात मावायचे, भटू मात्र हरवायचा, अंगाने काडी.
मी त्याच्या पाठीला कपडे वाळत घालायचे सात चिमटे लावले
आणि म्हटलं, आता वळू नको.

वळला नाही.
चाळीसगावहून रात्रीची गाडी धरली.
तिकडे भटूचा भरत झाला.
‘माले’चं ‘मला’ व्हायला दीड वर्ष लागलं, तोच सांगायचा,
आणि दुसऱ्या वर्षी कुणीतरी म्हणालं,
जरा गावठी बोल ना, पण सगळ्यांना कळेल असं.

पहिल्या सिनेमात हवालदार. पाठमोरा.
आम्ही अकरा जण जीप करून धुळ्याला गेलो,
पाठ ओळखली, शिट्ट्या मारल्या.
मग ठिबकच्या नळ्यांची जाहिरात, हात जोडून.
मग गुन्ह्यांच्या मालिकेत तीनदा प्रेत,
एकदा साक्षीदार, साक्षीआधीच प्रेत.
मग डॉक्टर:
“सॉरी, आम्ही खूप प्रयत्न केले.”
हे वाक्य त्याने नऊ मालिकांत म्हटलं.
एकदा लेखकाला विचारलं, एखादा पेशंट वाचवू का?
लेखक म्हणाला, पुढच्या भागात बघू.

शेवटी बापाचा रोल आला. नायिकेचा बाप, रोज रात्री आठला.
दोनशे चौदा भाग पारोळं त्याच्याबरोबर जेवलं.
त्याने दिवसाचे पाचशे वाढवून मागितले,
आणि मंगळवारी हार्ट अटॅक आला.
डॉक्टर वेगळाच कुणीतरी होता. वाक्य तेच.

भिंतीवर लावायला फोटो हवा होता. त्याच्याकडे माझाच होता.
कोट, हंस, वर चंदनाचा हार.
पुढचे सहाशे भाग तो तिथेच.
लेक रडली की फोटो, लग्न ठरलं की फोटो,
सासूने विष कालवलं तर कॅमेरा आधी त्याच्याकडे.
फोटोचे पैसे मिळत नाहीत, हे मला त्याच्याकडून कळलं.
कासोद्याची त्याची बहीण टीव्हीकडे पाठ करून भाकरी थापायची.
“जित्ता माणूसले हार घालतस का?”
माझ्या काचेच्या कपाटातही तीच प्रत होती.
शाळेची पोरं येता-जाता तिला नमस्कार करू लागली,
मग मी ती काढून रोलच्या डब्यांमागे ठेवली.
त्याला सांगितलं नाही.

परवा डिसेंबरात आला. शेतात भरीत होतं,
तुराट्यांवर वांगी फुटत होती, कळण्याच्या भाकरी, कांद्याची पात.
पोरांनी धरलं, डायलॉग म्हण.
त्याने भाजलेल्या वांग्याची नाडी बघितली
आणि म्हणाला, सॉरी, आम्ही खूप प्रयत्न केले.
हसून हसून तुका वाण्याला ठसका लागला.
मग एकटा मेरेला बसून मला म्हणाला,
“मी मरी गऊ भो, पण फोटोले अजून काम से.”
ते अहिराणीत होतं. सत्तावीस वर्षांत
कॅमेऱ्यापुढे एकही ओळ त्या बोलीत नाही.

दुसऱ्या दिवशी माडीवर आला. नवा फोटो हवा होता,
आता आजोबांचे रोल असतात म्हणे.
कोट तोच, कसरीने बाही खाल्लेली.
चिमटे लागले नाहीत. बटणही लागलं नाही.
“पोट आत घे.”
“आजोबाले पोट ऱ्हास.”
मी फोकस करत होतो, तो हलत नव्हता,
इतका हलत नव्हता की मला ते आवडलं नाही.
“वळू का आता?”
मी म्हटलं, थांब, एकच,
तेवढ्यात लाईट गेली.
खाली मोबाईलवाल्याने जनरेटर ओढला, एकदा, दोनदा, सुरू झाला नाही.
आम्ही बसून राहिलो,
तो हंसांकडे पाठ करून, मी स्टुलावर,
वायरमनच्या नावाने शिव्या देत.