तोळ्याला सहा गुंजा कमी

एकशे ऐंशी ग्रेन म्हणजे बरोबर एक तोळा.
हे रुजार फर्नांडिसने मला नाही शिकवलं,
मीच त्याला सांगितलं, आणि तो इतका हसला
की नथी बघणाऱ्या दोन बायका वळून त्याच्याकडे बघू लागल्या.
त्याच्या गोळ्या एकशे अडुसष्टच्या.
तोळ्याला सहा गुंजा कमी,
साडेसहा म्हणा.

नौदलात हत्यारं दुरुस्त करायचा. आता वेंगुर्ल्यात
परवान्याची एक रायफल, बायकोने लावलेली अबोली,
आणि वरच्या सड्यावर तीनशे मीटर लांब
पुठ्ठ्यातलं काळं वर्तुळ.
काडतुसं स्वतः भरतो. देवघर पुसावं तशी आधी टेबल पुसतो.

शनिवारी, मी शटर अर्धं ओढल्यावर, दोन डबे घेऊन आला.
एकातल्या गोळ्या नव्या पाटल्यांसारख्या झगझगीत,
दुसऱ्यातल्या मंद, समईच्या बुडासारख्या.
"तू सोनार. तुका काय सांगूचा," एवढंच म्हणाला.

पंखा बंद केला. काट्याची काच लावली.
बंदराकडून वारा शटरखालून आत यायचा,
तिथे पोतं टाकलं.
मग एकेक गोळी चिमट्याने,
जशी मी माणकं उचलतो.
झगझगीत डबा लबाड निघाला: कुणी जड, कुणी हलकी,
एका आईची पोरं वाटेनात.
मंद डब्यातल्या मात्र रांगेत बसलेल्या
शाळेच्या फोटोसारख्या.

मी लांबीही मोजायला घेतली, तर त्याने हात धरला.
"टोकापासून नको रे. टोक खोटा बोलता."
टोकाची कड कारखान्यात वाकडीतिकडी राहते म्हणे.
खरं माप तिथून, जिथे गोलाई पोटाला मिळते,
जिथे गोळी नळीला पहिल्यांदा शिवते.
मी बोटांच्या मापाची कडी काढली.
गोळी तिच्यात डोकं घालून
बरोबर त्याच जागी अडली,
आणि उलटी उभी राहिली, निमुळती पिछाडी वर,
वाळूत पालथी घातलेली होडीच जशी.
"माका ह्यां कधी सुचला नाय," तो म्हणाला.
त्या रात्री मी त्याला पितळेची कडी करून दिली. पैसे घेतले नाहीत.

पन्नास निवडल्या.
एकोणपन्नास, खरं तर.
पन्नासावी मी नाकारलेल्यांतून उचलली,
पाव गुंज हलकी, डोळ्याला काहीच फरक नाही,
आणि डब्यात सोडून दिली.
का, ते विचारू नका.
चाळीस वर्षं लोक माझ्या काट्यावर विश्वास ठेवतात,
एकदा कुणीतरी पकडावं असं वाटलं असेल.
किंवा त्याचं ते हसणं.

पुढच्या रविवारी कागद घेऊन आला. दहा झाडलेल्या.
नऊ भोकं सोलकढीच्या वाटीखाली झाकली असती.
दहावं उजवीकडे, एकटं, चार बोटं लांब.
मी चष्मा पुसत बसलो.

"वारो होतो," तो म्हणाला.
"सुरूची झाडां हलत होती, मी बघितलंय नाय.
गोळयेचो दोष नाय. तुझा वजन चोख."
आणि कागदाची घडी घालून
शर्टाच्या खिशात ठेवली, हृदयाच्या बाजूला,
औषधाच्या चिठ्ठीसोबत.

वाराही असेल. त्या दिवशी होताच वारा,
माझ्या दारातली पाटीसुद्धा करकरत होती.
चाळीस अजून त्याच्या कपाटात आहेत.
ती गेली का तिथेच आहे, मला माहीत नाही,
काट्यालाही नाही.

काल एक कोळीण डोरलं घेऊन आली, वजन करायला.
काटा थांबला होता, तरी मी आकडा सांगेना.
"बोल की," ती म्हणाली, "मासे तापतंत माझे."
मी म्हटलं, थांब गे.
अजून थोडं थांबू.