पाहुण्या संघाचा गोलकीपर

एसटीत अर्धं तिकीट, इथंही अर्धं.
आधार कार्ड बघून खिडकीतल्या पोरीनं
मनगटाला निळी कागदी पट्टी चिकटवली,
म्हणाली, काका, टूर संपेस्तोवर काढू नका.

कुंडलिका स्पोर्टिंग, जालना.
आमच्या काळी इथं मुरूम होता,
पडलं की गुडघ्यात खडे,
ते परभणीपर्यंत सोबत यायचे.
आता हिरवळ. दोरी बांधलेली. पाय ठेवायचा नाही.
गावाला आठव्या दिवशी नळ येतो, गवताला रोज दोनदा.
फवारा गोल फिरत आला तेव्हा
मंठ्याहून आलेल्या एका बाईनं ओंजळ पुढं केली,
इकडंतिकडं बघितलं,
आणि ओला हात हळूच तोंडावरून फिरवला.

गाईड अफरोज, वय बावीस-तेवीस,
पाठीवर दहा नंबर, हातात भोंगा.
ही खेळाडूंची खोली. प्रत्येक खुंटीला शर्ट,
प्रत्येक शर्टावर नाव,
इस्त्री अशी की आत्ता कोणी येऊन घालणार.
मी विचारलं, पाहुण्यांची खोली?
तिथं चुन्याची पोती आहेत काका, टूरमध्ये नाही.
बरोबर. तेव्हाही होती.
आम्ही पोत्यांवर बसूनच बूट बांधले होते,
अकरा जणांत आठ जोड.
मैदानात उतरलो तर मागून सगळे पांढरे,
अन् पब्लिक हसलं होतं.

म्युझियम म्हणजे स्टँडखालची लांब खोली, एसी.
काचेत शिट्टी. काचेत उर्दूतलं हजेरीचं रजिस्टर.
काचेत एक दात, कुणाचा ते अफरोज रंगवून सांगतो.
काचेत तो चेंडू,
भोपळ्यासारखा एका अंगाला बसलेला.
आणि भिंतीवर तो फोटो:
अठ्ठ्याहत्तरची फायनल, शेवटची तीन मिनिटं,
हमीद बागवानची फ्री किक.

बॉल असा वळला (अफरोजनं भोंगा हवेत वळवला)
जशी गल्लीत रिक्षा वळते.
कोणाचा हात नाही, बोट नाही, सरळ जाळीत!
गोलकीपर बघत राहिला.
लोक हसले. मीही हसलो.
गोष्ट चांगली सांगतो पोरगा.

जाळी नव्हती. मागं बाभळी होत्या.
चेंडू काट्यात गेला, म्हणून तो एका अंगाला बसलाय.
आणि वळला तो हमीदच्या पायानं नाही,
माझ्या दोन बोटांनी,
करंगळी आणि तिच्या शेजारची.
करंगळी तिथंच मोडली.
वसमतच्या हाडवैद्यानं तुराटी बांधून
जशी बसवली तशी आजही आहे,
चहाचा कप धरला की बाहेर राहते,
सोयरे म्हणतात, साहेबासारखा पितो.

फोटोत मी आहे. आडवा, हवेत.
डोकं, छाती, एक कोपर,
आणि मनगटाशी फ्रेम सुरू होते,
सागवानी, अर्धा इंच.
खाली पितळी पट्टीवर हमीदचं नाव, जन्म, मृत्यू,
रेफरीचं नाव, फोटो काढणाऱ्याचं नाव,
आणि परभणीचा गोलकीपर (नाव उपलब्ध नाही).

हमीद गेला?
मला कोणी कळवलं नाही. कोण कळवणार.
सामन्यानंतर तोच आला होता चुन्याच्या खोलीत,
रुमाल भिजवून माझ्या हाताला गुंडाळला,
म्हणाला, लगा था ना? मैंने देखा.
एवढंच.
रुमाल मी परत केला नाही.

दाराशी अभिप्रायाची वही.
छान. खूप छान. कॅन्टीनचा चहा थंड.
मी लिहिलं: रंगनाथ ढवारे, परभणी.
फ्रेम अर्धा इंच मोठी करावी.
अफरोजनं वाचलं. काहून काका?
म्हणलं, कडेला धूळ लई साचते.

पट्टी मनगटावर तशीच राहिली.
गाडीत कंडक्टरनं विचारलं,
दवाखान्यातून आलात का?
म्हणलं, हाव.
हात दाखवायला गेलो होतो.