खळ

वावाऊच्या दवाखान्यात बुधवारी पाय तपासतात.
लोसालिने टोपली घेऊनच येते,
रिकामी बसत नाही कधी:
कागदी तुतीच्या सालीच्या भिजवलेल्या पट्ट्या.
फरशीवर ओघळ येतो.

मी म्हणते, हात जोड,
रविवारी चर्चमध्ये जोडतेस तसे.
बोटांची टोकं भेटतात, तळवे भेटतात,
मध्ये उरते होडीएवढी फट.
फटीतून मला तिच्या झग्याचं बटण दिसतं.
"प्रार्थना गळत असेल का गं यातून?"
मी लिहिते: दोन्ही हात. सांधे आखडलेले. त्वचा जाड.

हिला समजवायचं कसं, ते हिनंच शिकवलं मला,
जुलैत, तिच्या छपराखाली.
सात बायका ओंडक्याभोवती,
ठक् ठक् ठक्,
साल रुंदावते, मऊ पडते,
मग थरावर थर आणि मध्ये आरारूटची खळ.
ओली आहे तोवर थर सरकतात एकमेकांवरून.
वाळली की संपलं.
जास्त झाली तर कापड वाकत नाही, मोडतं.

तेच, लोसालिने.
कातडीच्या आत दोऱ्या असतात, लवचिक.
रक्तातली साखर चूल न पेटवता
वर्षानुवर्षं त्यांना खळ लावत बसते.
दोरी दोरीला चिकटते, आणि रंग धरते,
तुझ्या कोकाच्या सालीसारखा तपकिरी.
नडगी बघ. हे ठिपके कुणी काढले नाहीत.

ती बघते. "नक्षी वाईट आहे," म्हणते.

डोळे मिट. नायलॉनचा तंतू अंगठ्याला.
लागलं? "हो."
टाचेला.
टाचेला घाम नाही आता, तेल नाही,
अंगावरचं पातळ आंबट कवचही विरलेलं.
भेग आहे. भेगेत वाळू, वाळूत शिंपल्याचा तुकडा,
किती दिवसांचा कोण जाणे.
लागलं?
"तू विचारतेस म्हणजे लागायला हवं होतं."

शिंपला काढते. रक्त येतं, उशिरा, थोडंसं.
दुसऱ्या कुणाचा पाय बघावा तशी ती वाकून बघते.
"खळ जास्त झाली तर आम्ही पुन्हा भिजवतो.
तुमच्यात काय करतात?"

भिजवता येत नाही, मी पट्टी गुंडाळत म्हणते,
पुढची खळ थांबवता येते.

ती विचार करते, खरोखर करते.
पुढच्या महिन्यात पुतण्याचं लग्न आहे, म्हणते.
त्यानंतर.

मग टोपली उचलते.
मूठ वळत नाही,
म्हणून कोपरात अडकवते.