नमुना क्रमांक अकरा

सुर्ल्याचा काळा दगड
साखळीला बस बदलून
भाताच्या गोणीत, सीटखाली,
ताळगावच्या पठारावर आला.
झिलू गांवसने एका घावात फोडून दिला होता,
आणि आतल्या ताज्या काळ्यावर अंगठा फिरवून विचारलं होतं:
बाय, हो फातर उदक पिता?
मी हसले.
माझा सगळा प्रबंध तेवढाच होता.

कुटला. चाळला. धुतला. वाळवला.
एक ग्रॅम पीठ, वीस मिलिलिटर पाणी,
तेही त्याच्याच विहिरीचं,
कारण आमचं बाटलीतलं शुद्ध पाणी
कुठल्याच जमिनीखाली नसतं.
त्यात सीझियम, इतकं थोडं
की तराजूला पत्ता लागत नाही,
फक्त मोजणी-यंत्राला ऐकू येतं.
मग सात दिवस हलवत ठेवायचं.
रात्री मजला रिकामा झाला की तो आवाज
चोडणला निघालेल्या फेरीबोटीसारखा,
निघालेली, आणि पोचतच नाही.

ओफेलिया दोन नळ्या दगडाशिवाय लावते.
प्लॅस्टिकची भिंतसुद्धा थोडं धरते गो, म्हणते,
ते वजा कर,
नाहीतर दगडाला न केलेलं पुण्य देशील.

आठव्या दिवशी गाळून मोजलं.
पाण्यात उरलं शंभरातलं चार.
स्ट्रॉन्शियम घुटमळलं, अर्धं इकडे अर्धं तिकडे.
आयोडीन आलं तसं गेलं,
दगडाशी त्याची ओळखच नाही.

पीत नाही, झिलूबाब.
अंगाला लावून घेतो,
पंच्याला हळद लागते ना, तसं.
कोट्यवधी वर्षांपूर्वी हा स्वतःच वाहत होता,
निवला, आणि निवताना
अंगावर बारीक बारीक जागा रिकाम्या राहिल्या.

चारशे ऐंशी मिलिलिटर प्रति ग्रॅम.
अधिक-उणे तीस.
ओफेलियाने टेबलावर टिचकी मारली:
बरो आसा गो तुझो फातर!

तो 'बरो' माझ्या घशात अडकला.
दगड चांगला निघाला की पुढे काय होतं
ते डिचोलीला विचारावं.
तिथेही आधी कुणीतरी एवढंसंच कुटलं असेल,
नीटस अक्षरात लिहिलं असेल,
लोखंड, इतके टक्के,
आणि डबा उघडून जेवायला बसला असेल.
लाल ट्रक फार नंतर आले.

कदंबाची वाट बघताना झिलूने विचारलं होतं,
हांगा कितें पुरतले काय?
नाही, म्हटलं. नुसता आकडा हवाय.
खोटं नव्हतं.
तो काही बोलला नाही.
विडी विझवली, उरलेली अर्धी कानामागे खोचली,
आणि गोणी स्वतः उचलून बसमध्ये ठेवली,
माझ्या पायांशी.

उद्या दुसरा प्रयोग.
तेच पीठ, नवं पाणी:
धरलेलं किती दिवस धरून ठेवतो.
सीझियम तीस वर्षांनी अर्धं होतं.
झिलूच्या नातीला तेव्हा पस्तिसावं लागेल.
वहीत रकाना आखून ठेवलाय,
वर लिहिलंय: सोडलेलं.

कॅनमध्ये त्या विहिरीचं पाणी
जेमतेम पेलाभर उरलंय.
आणायला जावं लागेल.
तो विचारेल.